कामाचे नाव आणि कामाचा दिवस

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या सिंधुदुर्गात पेढ्यांबरोबर एक प्रश्नही घरोघर फिरतो. राज्य मंडळाच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे पहिला येत असल्यामुळे पेढ्यांना तोटा नसतो, आणि तो पेढा तोंडात टाकता टाकता शेजारचे काका मुलाला विचारतात, ‘‘मगे, मुंबैक जातलंस काय हयच रवतलंस?’’ तू काय करणार, हा प्रश्न त्याच्यानंतर येतो. पुष्कळदा येतही नाही.

या क्रमाला कारणे आहेत आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाहीत. भातशेतीवर वर्षभर पोट भरत नसे, म्हणून कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक घरातून कोणीतरी मुंबईला गेले. गिरणीत, गोदीत, पोलिसात किंवा महापालिकेत चिकटले, आणि त्याच्या मनीऑर्डरीवर गावाकडची चूल पेटत राहिली. काम कोणते मिळणार हे मुलाच्या स्वभावावर नव्हे, तर मामा किंवा चुलता कोणत्या खात्यात आहे यावर ठरे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे दिवस गेले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, मुंबईच्या जोडीला पुणे आणि गोवाही आले. पण आधी ठिकाण आणि मग काम, ही सवय तशीच राहिली. अलीकडे ती उलट्या दिशेनेही दिसते. शहराला कंटाळलेला तरुण ‘मला गावी परत यायचे आहे’ एवढे पक्के ठरवतो आणि गावी येऊन नेमके काय करायचे याचा विचार परतीच्या गाडीत बसल्यावर सुरू करतो.

व्यवसायाची निवड केवळ ठिकाणावरून करू नये, हे सांगायला फारशी अक्कल लागत नाही. मला म्हणायचे आहे ते थोडे वेगळे आहे. ठिकाण बाजूला ठेवले की माणसे पदाच्या नावावर येतात: इंजिनिअर, नर्स, बागायतदार, शिक्षक, तहसीलदार. आणि नावावरून त्या कामाविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. कळते ते त्या कामाच्या एका साध्या दिवसावरून; म्हणजे ज्या दिवशी सत्कार नाही, उद्घाटन नाही आणि संकटही नाही, अशा एखाद्या मंगळवारी ते काम करणारा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातांनी, तोंडाने आणि डोक्याने काय करत असतो, यावरून. आपला स्वभाव जुळायला हवा तो या दिवसाशी.

मी कुडाळमध्ये लोकांचे हिशेब लिहितो आणि त्यांची करविवरणपत्रे भरून देतो. मुंबईतली नोकरी सोडून आलो तेव्हा भेटेल तो ‘बाग घेतलंस काय?’ असेच विचारी, कारण गावी परतलेल्या माणसाने हापूसच्या नाहीतर काजूच्या बागेतच पाय रोवायचे, असा आपल्याकडे एक समज आहे. मी बागेत शिरलो तर मोहोर किती आला आहे याच्याआधी त्यावर फवारणीचा खर्च किती झाला असेल, हे माझ्या मनात येते. अशा माणसाने झाडांच्या वाटेला जाऊ नये, हे झाडांच्याही हिताचे आहे.

मे महिना सरता सरता एखादा बागायतदार माझ्याकडे प्लास्टिकची पिशवी घेऊन येतो. तिच्यात औषधांची बिले असतात, पेट्यांच्या आणि गवताच्या पैशांच्या पावत्या असतात, राखणदारांची मजुरी वहीच्या फाटक्या पानावर लिहिलेली असते, वाशीच्या दलालाने दिलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या असतात, शेवटी शेवटी कॅनिंगला किलोवर घातलेल्या आंब्याच्या चिठ्ठ्या असतात, आणि का कोण जाणे, पण हमखास एखादी लग्नपत्रिका असते. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे हिशेब कशाला, असे बागायतदारांनाही वाटत आलेले असते. कर्जासाठी बँकेने कागद मागितले किंवा घरात दुसरे उत्पन्न सुरू झाले, की मग ती पिशवी माझ्या टेबलावर येते. ती उपडी केल्यावर मला जे सुख वाटते ते दुसऱ्या कोणाला कळावे अशी माझी अपेक्षा नाही. बिले तारखेवार लावायची, हमाली, वाहतूक आणि दलाली वजा जाता पट्टीवर उरलेली रक्कम बँकेच्या पासबुकात सापडेपर्यंत सोडायची नाही, आणि सरतेशेवटी बागेने या हंगामात खरोखर किती दिले हा आकडा काढायचा, जो खुद्द बागायतदारालाही ठाऊक नसतो. एकट्याने बसून करायचे, ज्याचे उत्तर बरोबर किंवा चूक असते आणि जे संध्याकाळी मिटवून ठेवता येते, असे हे काम आहे. माझा स्वभाव नेमका असाच आहे.

मुंबईतही मी लेखाविभागातच होतो, आणि तिथल्या पदाचे नाव माझ्या आताच्या पाटीपेक्षा कितीतरी भारदस्त होते. पण तिथला दिवस म्हणजे पुरवठादारांच्या बिलांतला एकच रकाना तपासणे, त्यावरच्या शंका तीन खात्यांना कळवणे आणि दुपारनंतर बैठकीत बसणे. पिशवी उपडी करणारा वेगळा, बेरीज घेणारा वेगळा, आणि शेवटचा आकडा पाहणारा कोणत्या मजल्यावर बसतो हेही मला माहीत नव्हते. शिक्षण तेच, खाते तेच, मोबदलाही तिथे अधिक. दिवस मात्र दुसराच होता.

हेच मला अधिक स्पष्टपणे दिसले ते एका काजू कारखान्यात. ज्यांचे हिशेब मी पाहतो त्यांत काजू प्रक्रिया करणारे बरेच आहेत. बी वाफवून फोडायची, गर सुकवायचा, त्यावरची पातळ साल काढायची आणि मग प्रतवारी करायची, असा तो क्रम असतो. प्रतवारीचे टेबल हे त्यातले सर्वांत शांत ठिकाण. अख्ख्या गराचे भाव त्याच्या आकारावर ठरतात: डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० गर बसतात, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०, आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. त्याशिवाय किंचित करपलेला वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, कणी वेगळी. तिथे एक बाई आहेत, त्यांचे हात पाहत राहावेसे वाटतात. समोरच्या ढिगावर डावा हात नुसता फिरतो, उजव्या हाताची दोन बोटे गर उचलतात आणि तो योग्य ट्रेमध्ये पडतो, आणि यात डोळे कुठे थांबले हे आपल्याला कळतही नाही. मालकाने त्यांना मुकादम केले. पगार वाढला, बसायला खुर्ची आली; पण दिवस बदलला. हजेरी मांडायची, कोणाची पाळी आधी यावरून लागलेली भांडणे सोडवायची, उशिरा येणारीला बोलायचे, आणि संध्याकाळी मालकाला उत्तर द्यायचे. थोड्याच दिवसांत त्यांनी स्वतः सांगून पुन्हा टेबल मागून घेतले. वाडीतल्या लोकांनी ‘चालून आलेली बढती सोडली’ म्हणून नावे ठेवली. त्यांची जाऊ त्याच कारखान्यात साल काढायला बसे आणि दिवसभर बोलत असल्यामुळे तिचे काम नेहमी मागे राही. मुकादमाची जागा तिला दिली गेली आणि ती तिला अशी मानवली की आता मालक परगावी गेला तरी कारखाना चालतो. एकाच घरातल्या, सारख्याच शिकलेल्या दोघी. एकीचा शिणवटा तो दुसरीचा विसावा.

व्यवसाय आणि स्वभाव यांचा मेळ घालण्याचा शास्त्रशुद्ध विचार शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारे कार्यालय उघडले, आणि त्यांच्या निधनानंतर १९०९ मध्ये त्यांचे या विषयावरचे पुस्तक निघाले. त्यांची मांडणी साधी होती: आधी स्वतःला नीट ओळखा, मग निरनिराळ्या कामांच्या गरजा, त्यांतले लाभ आणि अडचणी जाणून घ्या, आणि मग या दोहोंचा संबंध विचारपूर्वक जोडा. पुढे १९५९ मध्ये जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञांनी माणसांची आणि कामांची एकाच पद्धतीने वर्गवारी सुचवली. हातांनी आणि यंत्रांनी करायचे, शोध घेण्याचे, कलेचे, माणसांना मदत करण्याचे, उलाढालीचे आणि पुढारपणाचे, व शेवटी नियमबद्ध नोंदींचे, असे ते सहा प्रकार. ते षटकोनाच्या सहा कोपऱ्यांवर मांडतात. शेजारचे कोपरे एकमेकांना जवळचे आणि समोरासमोरचे दूरचे. माझा कोपरा नोंदींचा, आणि त्याच्या बरोबर समोर येते ती कला. माझे चित्र पाहिलेल्या कोणालाही यात आश्चर्य वाटणार नाही.

आपल्या राज्यातही २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली जात असे. तिच्या निकालात कृषी, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा कल कोणीकडे आहे हे लिहून येई. अशा चाचण्यांना मी नावे ठेवणार नाही. घरात कधी उच्चारलेही न गेलेले एखादे क्षेत्र कागदावर दिसले तर तेवढ्यानेही विचाराला वाट मिळते. (माणसांचे सोळा साचे करणाऱ्या, कंपन्यांत लोकप्रिय असलेल्या चाचणीबद्दल मात्र माझे मत बरे नाही, काही आठवड्यांनी ती पुन्हा दिली की अनेकांचा साचाच बदलतो.) अडचण अशी आहे की पार्सन्स यांच्या तीन पायऱ्यांपैकी पहिलीवरच आपण सगळा जोर लावतो आणि दुसरी कोणी चढतच नाही. ‘आजारी जनावरांची काळजी घ्यायला तुम्हाला आवडेल का?’ या प्रश्नावर आठवड्यापूर्वी मांजरीचे पिल्लू घरी आणलेली मुलगी ‘हो’ असेच लिहिणार. आमच्याकडच्या पशुवैद्याचा दिवस म्हणजे आषाढातल्या मुसळधार पावसात, बॅटरीच्या उजेडात, अडलेल्या म्हशीच्या मागे गुडघाभर चिखलात उभे राहणे, आणि दुसऱ्या दिवशी लसीकरणाचे तक्ते भरणे. तो पाहूनही तिचे उत्तर ‘हो’ असेल, तर ते खरे उत्तर.

स्वभावाशी जुळते काम मिळाले की समाधान आपोआप येते, असेही नाही. आवडीचे क्षेत्र आणि कामातले समाधान यांचा संबंध संशोधनात दिसतो खरा, पण तो आपण समजतो त्यापेक्षा बराच सैल आहे. वरिष्ठ कसा आहे, पगार वेळेवर होतो का, कामात स्वतःचे डोके चालवायला मोकळीक आहे का, सोबतीला माणसे कशी आहेत, हे सारे त्यात येते. आणि म्हणूनच मी नावाऐवजी दिवस पाहा म्हणतो, कारण दिवसात हे सगळे एकत्र दिसते.

माझ्या भाच्याची गोष्ट यासाठी सांगतो. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाल्यावर त्याने घरात जाहीर केले की त्याला समुद्र आवडतो, म्हणून तो सागरी जीवशास्त्र शिकणार. ताईने मला फोन केला, कारण घरातल्या शिक्षणाच्या खर्चाचा अंदाज नेहमी माझ्याकडे येतो. मी त्याला विचारले, ‘‘समुद्राचे काय आवडते?’’ तो म्हणाला, ‘‘मामा, सगळेच.’’ आता मालवणात वाढलेल्या मुलाला समुद्र आवडतो यात काही माहितीच नाही. त्याच समुद्रावर इतक्या तऱ्हेची माणसे पोट भरतात की त्यांच्या दिवसांत खाऱ्या वाऱ्याखेरीज समान असे काही नसते.

तांडेलाचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, दिवस बहुधा पहाटेच्याही आधी सुरू होतो. कोणत्या बाजूला जायचे, जाळे कुठे टाकायचे, वारा फिरला तर परतायचे की थांबायचे, हे निर्णय त्याचे; डिझेल फुकट गेले तर बोल त्याला, खलाशाला दुखापत झाली तर जबाबदारीही त्याची. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होडी वर काढलेली असते, तेव्हा जाळी दुरुस्त करत बसण्याचा संयमही त्यालाच लागतो. बंदरावर लिलाव पुकारणाऱ्याला समुद्रात जावेच लागत नाही. त्याला आवाज हवा, हजरजबाबीपणा हवा, आणि कोणत्या व्यापाऱ्याची उधारी किती आहे हे वहीत न बघता आठवायला हवे. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. तिथून शिकून बाहेर पडलेल्याचा दिवस कोळंबीच्या तळ्यातल्या पाण्याचे नमुने, त्यांतला प्राणवायू आणि क्षारता, खाद्याचे वजन, सूक्ष्मदर्शक आणि अहवाल यांत जातो. त्याला लाटेपेक्षा आकड्यांवर प्रेम असलेले बरे. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा डायव्हिंगचे केंद्र आहे. पाण्याखालची ती निळाई पाहून प्रशिक्षक व्हावेसे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो माणूस दिवसभर घाबरलेल्या माणसांना नळीतून श्वास घ्यायला शिकवत असतो, तेच वाक्य त्याच शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत असतो. ते काम शिक्षकाचे आहे. वर्ग तेवढा पाण्यात भरतो. आणि १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यापासून किनाऱ्यावर ज्यांनी घराच्या खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली, त्यांच्या दिवसात समुद्र तर जवळजवळ येतच नाही. चादरी, पाण्याची मोटर, रात्री अकराला पोहोचून ‘सुरमई मिळेल ना?’ विचारणारे कुटुंब, आणि सकाळी सहाला चहा. परक्या माणसाशी बोलताना ज्याला उत्साह येतो त्याला हे मानवते. ज्याला थकवा येतो त्याने समुद्राकाठी खोल्या बांधल्या म्हणजे पुण्या-मुंबईचा गजबजाट स्वतःच्या ओटीवर आणून बसवण्यासारखे होते. देवबागकडे असे दोन भाऊ मला माहीत आहेत; धाकटा पाहुणे सांभाळतो, थोरला भल्या पहाटे मासळी आणतो, परसात भाजी करतो आणि पाहुणे उठायच्या आत माडाच्या मागे निघून जातो. दोघेही आपापल्या जागी सुखी आहेत, आणि ही वाटणी त्यांनी कोणत्या चाचणीवरून केलेली नाही.

भाच्याला मी म्हटले, प्रवेशअर्जाला अवकाश आहे, तोवर यांतल्या जितक्या लोकांबरोबर बसता येईल तितक्यांबरोबर एकेक दिवस बस. काही करू नकोस, नुसता बस, आणि त्यांनी परवानगी दिली तर हाताखाली लागेल ते दे. तो लिलावाला गेला आणि कंटाळला. शिरगावच्या एका माजी विद्यार्थ्याकडे जाऊन आला. तिथे त्याला बरे वाटले, पण ‘मामा, ते फारच हळू चालते’ असे म्हणाला. मग जेटीवर होडीचे इंजिन उघडून बसलेल्या एका मेकॅनिककडे पोहोचला आणि तिथून जेवायलाही घरी येईना. नोझल काढायचे, साफ करायचे, पुन्हा बसवायचे, आवाज ऐकायचा, मान हलवायची आणि पुन्हा उघडायचे. त्याला समुद्राचे काय आवडत होते, तर समुद्रात जाऊन परत आणणारे यंत्र. बारावी विज्ञाननंतर यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, ही माहिती मी ताईला दिली. ताईचा चेहरा अजून उतरलेलाच आहे, कारण ‘शास्त्रज्ञ’ म्हणून नातेवाइकांत एकदा सांगून झाले आहे. तो पुढे हेच करील की नाही, हे मीही सांगू शकत नाही. पण निदान आता तो ज्याविषयी बोलतो ते त्याने पाहिलेले आहे.

इथे एक सावधगिरी मला महत्त्वाची वाटते. एका दिवसात कंटाळा आला म्हणजे ते काम आपले नव्हेच, असे समजू नये. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे दिसले की आवड ही तयारच असते, ती फक्त सापडायची असते, असे मानणारे लोक नव्या विषयात अडचण आली की लवकर हात टेकतात. आवड रुजवावी लागते असे मानणारे तुलनेने टिकून राहतात. सुरुवातीचा कंटाळा आणि स्वभावाचा विरोध यांत फरक आहे. काजूच्या टेबलावर पहिले काही दिवस कोणालाही कंटाळाच येतो, कारण हाताला कसब नसते आणि कसब आल्याशिवाय गोडी लागत नाही. कसब येऊनही दिवसाच्या शेवटी माणूस पिळून निघत असेल, तर तो स्वभावाचा विरोध. मुकादम झालेल्या त्या बाईंना काम जमत नव्हते असे नव्हे. चांगले जमत होते, आणि तरी त्या रोज रात्री न बोलता जेवत असत.

आवडीचे काम पोटापाण्याचेच असले पाहिजे, हा आग्रहही मला नव्या काळाची सक्ती वाटते. चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम परिसरात १८८० मध्ये जन्मलेले पांडुरंग वामन काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करत असत. त्याच्या जोडीला त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिले. पहिला १९३० मध्ये निघाला आणि शेवटचा १९६२ मध्ये, आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. त्यांच्याविषयी बोलताना लोक चिकाटीचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे, पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वकिलाचा दिवस आणि त्या संशोधकाचा दिवस आतून फार वेगळे नव्हते: जुनी वचने शोधायची, त्यांतली परस्परविरोधी मते समोरासमोर ठेवायची, पुरावा तोलायचा आणि निर्णय लिहायचा. एका कामाने घर चालवले, दुसऱ्याने नाव केले, आणि दोहोंना लागणारे मन एकच होते.

याच्या अगदी उलट उदाहरण आमच्या आळीत आहे. पिठाची गिरण चालवणारे एक गृहस्थ दिवसभर पट्ट्याच्या आवाजात काढतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचे तर खुणेनेच बोलावे लागते. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की हेच गृहस्थ रात्री दशावतारात राजा होऊन उभे राहतात. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेले, प्रवेशांचा क्रम सांगितलेला, आणि संवाद मात्र रंगमंचावर उभे राहून तिथल्या तिथे रचायचे. समोरच्या नटाने एखादा पेच टाकला की त्याला पुराणातल्या दाखल्यासकट उत्तर देताना यांचा आवाज असा लागतो की गिरणीत दळण घेऊन येणारी पोरे आ वासून बघतात. एका मंडळाने त्यांना पूर्णवेळ बोलावले होते. ते गेले नाहीत. ‘‘नाटक पोटाक लावलंय तर मगे ता नाटक रवूचा नाय,’’ एवढेच म्हणाले. हा नियम सर्वांना लागू नाही. पूर्णवेळ मंडळात राहून, मुलांची शिक्षणे करून, उतारवयापर्यंत तोंडाला रंग लावणारे कलावंत या जिल्ह्यात आहेत. पण गिरणीची गप्प दुपार या गृहस्थांना रात्रीसाठी लागते, हे त्यांनी स्वतःविषयी ओळखले आहे, आणि त्यापलीकडे कोणी सल्ला देण्याची गरज नाही.

पैशाविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर हे सारे पोट भरलेल्याचे बोलणे होईल. ज्याच्या घरावर कर्ज आहे, वडील अंथरुणाला खिळले आहेत, त्याने स्वभाव जुळेपर्यंत थांबावे असे मी म्हणणार नाही. माझ्या वह्यांमध्ये असे बरेच लोक आहेत ज्यांनी आधी मिळेल ते धरले आणि दहा-पंधरा वर्षांनी हवे तिकडे वळले, आणि त्यांच्या हिशेबाला त्यामुळे बळकटीच आली. आंब्याचा पैसा वर्षातून एकदा येतो, पर्यटनाचा दिवाळी, नाताळ आणि मे यांत येतो, मासेमारीचा पावसात थांबतो; दर महिन्याला ठराविक रक्कम हातात आल्याशिवाय ज्याला झोप लागत नाही, त्याच्यासाठी ही कामे कितीही निसर्गरम्य असली तरी ती त्याची नव्हेत. हाही स्वभावच आहे, आणि चाचण्यांत तो कोणी विचारत नाही. मुलींच्या बाबतीत तर ‘कुठे’ हा प्रश्न लग्नाशी बांधलेला असल्यामुळे, कोणत्याही गावात उभे करता येईल असे कसब अंगी असणे हीच त्यांच्या निवडीतली पहिली अट ठरते. ती अट न्याय्य नाही, पण आमच्या ओळखीच्या घरांत ती आजही आहे.

काम बदलणे शक्य नसेल तेव्हा कामातला दिवस थोडा बदलता येतो. एमी रेझनिएव्स्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१ मध्ये रुग्णालयातल्या सफाई कामगारांविषयी लिहिले आहे: पद एकच, कामांची यादी एकच, पण काही जण नेमलेले तेवढे करून निघत, तर काही जण रुग्णाशी दोन शब्द बोलत, नातलगांना वाट दाखवत, परिचारिकांना हात देत, आणि आपण रुग्ण बरा होण्याच्या कामात आहोत असे मानत. माझ्या ओळखीचे एक लिपिक आवक-जावक नोंदींना कंटाळले होते. कार्यालयात जुने सातबारे आणि फेरफार शोधायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मदत करण्याचे काम त्यांनी साहेबांना सांगून स्वतःकडे घेतले. पगारात फरक नाही, पद तेच. पण आता त्यांच्या दिवसातला एक भाग असा आहे की त्याविषयी ते घरी जाऊन बोलतात.

कामाचा दिवस पाहायचा म्हणजे काय विचारायचे, हे मुले मला विचारतात. ‘तुमचे काम कसे आहे?’ हे विचारू नये. त्यावर प्रत्येक जण पाहुण्याला देतो तसे उत्तर देतो. काल सकाळी आल्यापासून काय काय केले, ते क्रमाने विचारावे. कोणते काम नेहमी उद्यावर टाकले जाते, ते विचारावे, कारण तिथे त्या व्यवसायातला खरा जाच असतो. वर्षातला कोणता महिना नकोसा वाटतो आणि पैसा कोणत्या महिन्यात येतो, हे विचारावे. दिवसातला किती वेळ एकट्याचा आणि किती वेळ माणसांचा, हे मात्र विचारू नये, बसून पाहावे. माणसे त्याचा अंदाज नेहमी चुकवतात. आणि शक्य असेल तर ते काम सोडून दिलेल्या एखाद्या माणसाशीही बोलावे. तो जे सांगतो त्यात थोडी कडवट भर असते, पण कामाला चिकटून असलेला माणूस जे सांगत नाही ते तोच सांगतो. अशी माणसे आपल्याकडे चवथीला हमखास गावात सापडतात. आरतीच्या गडबडीत त्यांना गाठू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, ती ओटीवर पाय पसरून बसलेली असताना गाठावे, आणि वही बरोबर नेऊ नये, कारण वही पाहिली की ती पुन्हा सावरून बोलू लागतात.